‘पोट जड वाटतं’ या तक्रारीआड

हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सिंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ७० चिनी रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण पार वाळून गेले होते आणि ताट समोर आलं की बाजूला सारत होते. वैद्यकाच्या पुस्तकात या आजाराचं नाव होतं ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’. त्याची ठळक खूणही पुस्तकात दिलेली होती : जाड होण्याची जबरदस्त भीती. पण या ७० पैकी ४१ जणांमध्ये ती भीती सापडलीच नाही. का जेवत नाही, असं विचारलं की उत्तरं यायची ती अशी : पोट फुगल्यासारखं वाटतं, भूकच लागत नाही, जेवण जात नाही.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ही उत्तरं ओळखीची वाटतील. शाळेतून डबा तसाच परत येतो. ‘मैत्रिणीकडे खाल्लं’ असं सांगून रात्रीचं जेवण टळतं. मुलगी हडकते. मग ओवा-हिंग होतं, ॲसिडिटीच्या गोळ्या होतात, जंतांचं औषध होतं, एखादी आजी दृष्ट काढते. त्यानंतर पोटाचे डॉक्टर, सोनोग्राफी, एंडोस्कोपी. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मुलगी आणखी दोन किलोंनी उतरलेली असते.

दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी १९९५ साली अशाच पाच तरुणींची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. खाण्याला नकार, सतत उलट्या, घटलेलं वजन, थांबलेली पाळी या तक्रारी घेऊन त्या आल्या होत्या. आपण जाड आहोत असं त्यांना वाटत नव्हतं, वजन घटवण्यासाठी त्या व्यायामही करत नव्हत्या. त्यामुळे निदान करणं अवघड गेलं. पुढे २००५ साली लंडनमधल्या किशोरवयीन रुग्णांचा अभ्यास आला. दक्षिण आशियाई घरांतली मुलं ‘जाड व्हायची भीती वाटते’ असं कमी वेळा सांगत होती आणि ‘भूक लागत नाही’ असं जास्त वेळा सांगत होती. शाळा इंग्रजी, टीव्ही इंग्रजी, मैत्रिणी इंग्रज. दुखणं मात्र घरच्या बोलीत बाहेर पडत होतं.

आजार तोच असतो. तो कोणत्या शब्दांत बाहेर येईल, घरात आधी कुणाच्या लक्षात येईल आणि कुणाच्या हातचं खाऊन माणूस सावरेल, हे घर आणि समाज ठरवतात. लंडन, लेस्टर, टोरांटो, मेलबर्न यांसारख्या अनेक समाजांच्या शहरांत या आजाराची शुश्रूषा एकाच साच्यात बसवली, तर ज्यांना तिची गरज आहे त्यांतलेच कितीतरी जण दाराबाहेर राहतात.

उपासमार मनाचं काय करते

आहारविकार म्हणजे खाण्याचे नखरे नव्हेत, फॅशनही नव्हे. ॲनोरेक्सियात माणूस खाणं इतकं तोडतो की शरीर स्वतःलाच खाऊ लागतं. बुलिमियात थोड्या वेळात आवरताच येणार नाही इतकं खाल्लं जातं आणि मग ते उलटी काढून, जुलाबाची औषधं घेऊन किंवा अतोनात व्यायाम करून ‘भरून काढलं’ जातं. बुलिमियाचं पहिलं नेमकं वर्णन लंडनचे डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केलं. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे बिंज ईटिंगमध्ये, तसंच अनावर खाणं होतं, पण ते बाहेर काढलं जात नाही. मागे उरते फक्त लाज. बुलिमिया आणि बिंज ईटिंगच्या रुग्णांचं वजन अनेकदा चारचौघांसारखं किंवा जास्तही असतं. त्यामुळे नुसतं पाहून हे आजार ओळखता येत नाहीत. ते पुरुषांनाही होतात, आणि पुरुष ते आणखी लपवतात.

जिवावर बेतणाऱ्या मानसिक आजारांत ॲनोरेक्सिया फार वरच्या स्थानावर आहे. २०११ साली ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळजवळ सहापट निघालं. दगावलेल्या दर पाच रुग्णांत एकाने आत्महत्या केली होती. बाकीच्यांत हृदयाची गती बिघडणं, क्षार ढासळणं, जंतुसंसर्ग अशी कारणं असतात.

‘मग ती खात का नाही?’ या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळालं. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४च्या नोव्हेंबरात, ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांवर प्रयोग सुरू केला. युद्धात लढायला विवेकाने नकार दिलेली ही मंडळी होती. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवून त्यांचं सुमारे पाव वजन उतरवलं गेलं. त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. घासभर अन्न कितीतरी वेळ चघळत बसू लागले, ताटल्या चाटू लागले, माणसांतून उठले, चिडचिडे आणि उदास झाले. पोटभर अन्न पुन्हा सुरू झाल्यावरही कित्येकांचं खाणं महिनोन्‌महिने ताळ्यावर आलं नाही. यांतल्या कुणालाही आधी आहारविकार नव्हता. उपासमारीनेच मन असं घडवलं होतं. सगळ्यांसाठी तासन्‌तास स्वयंपाक करणारी, धाकट्या भावाला आग्रहाने वाढणारी आणि स्वतः काही न खाणारी मुलगी नाटक करत नसते, हे या प्रयोगातून समजतं. मेंदूला पोषण मिळाल्याशिवाय समजावणं आत पोचत नाही. म्हणून उपचाराची सुरुवात अन्नापासून होते.

गोऱ्या घरातला आजार, असा समज

ॲनोरेक्सियाला हे नाव दिलं लंडनच्या सर विल्यम गल यांनी, १८७०च्या दशकात. त्याच सुमारास पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही असेच रुग्ण नोंदवले. रुग्ण युरोपातल्या होत्या, बऱ्याचशा सुस्थितीतल्या घरांतल्या. पुढची शंभर वर्षं डॉक्टरांच्या मनात तेच चित्र राहिलं : गोरी, हुशार, श्रीमंत घरची किशोरी. बाकीच्या घरांकडे कुणी या नजरेने पाहिलंच नाही, आणि न पाहिल्यामुळे तिथे आजार नाही असा समज पक्का झाला.

हा समज किती खोल आहे ते अमेरिकेतल्या २००६च्या एका प्रयोगात दिसलं. मानसोपचार करणाऱ्यांना ‘मेरी’ नावाच्या एका काल्पनिक मुलीची डायरी वाचायला दिली. मजकूर सगळ्यांना एकच. बदलला होता तो फक्त मेरीचा वंश. मेरी गोरी आहे असं वाचलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना तिच्या खाण्यात काही बिघाड आहे असं वाटलं. ती हिस्पॅनिक आहे असं वाचलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं. ती कृष्णवर्णीय आहे असं वाचलेल्यांत १७ टक्के. त्याच ओळी, तीच लक्षणं, आणि तज्ज्ञांच्या नजरेत एवढा फरक.

सामान्य लोकांचं मतही वेगळं नाही. आहारविकारांवर काम करणाऱ्या ‘बीट’ या ब्रिटिश संस्थेने २०१९ साली पाहणी करवून घेतली. ब्रिटनमधल्या दहापैकी जवळपास चौघांना हे आजार गोऱ्या लोकांत जास्त होतात असं वाटत होतं.

लेस्टर या शहराचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. पूर्व आफ्रिकेतून आणि गुजरातमधून आलेली हजारो कुटुंबं तिथे दोन-तीन पिढ्या राहताहेत. दिवाळीला बेलग्रेव्ह रोडवर भारतातल्या एखाद्या बाजारपेठेसारखी गर्दी उसळते. तिथल्या आहारविकार केंद्रात कोण येतं, हे तपासणारा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. शहराच्या लोकसंख्येत दक्षिण आशियाई लोकांचा जेवढा वाटा, त्या मानाने केंद्राकडे पाठवले जाणारे दक्षिण आशियाई रुग्ण खूपच कमी होते. ‘त्यांच्यात हा आजार कमी असेल’ असं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण इंग्लंडमधल्याच दुसऱ्या एका परगण्यातून वेगळीच माहिती आधीच हाती आली होती.

ब्रॅडफर्डच्या शाळा, फिजीची गावं

यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांत काम करायला पाकिस्तानातून आणि भारतातून माणसं आली आणि तिथलीच झाली. तिथल्या शाळांत डॉ. डेव्हिड ममफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मुलींची तपासणी केली. बुलिमियाचं प्रमाण आशियाई मुलींत ३.४ टक्के निघालं, तर गोऱ्या मुलींत ०.६ टक्के. पाश्चात्त्य वारं लागल्याने असं झालं असणार, हा पहिला तर्क. १९९१ साली आलेल्या पुढच्या विश्लेषणाने तो खोडून काढला. ज्या आशियाई मुली जास्त परंपरेने वाढवल्या जात होत्या, त्यांच्यातच खाण्याविषयीची बिघडलेली वृत्ती जास्त दिसली. संशोधकांना त्याचं कारण ओढाताणीत दिसलं : शाळेत एक जग, घरी दुसरं, आणि दोन्हीकडे शंभर टक्के उतरायचं.

परदेशात वाढलेल्या कितीतरी भारतीय मुलींना हे सांगावं लागत नाही. कपडे, मैत्री, बाहेर जाणं, लग्न या सगळ्यांवर घराची मोहोर असते. आपल्या हातात राहतो तो फक्त घास. तो घ्यायचा की नाही, एवढं तरी आपण ठरवू शकतो.

पॅसिफिक महासागरातल्या फिजीची हकिकत मात्र वेगळ्या दिशेची आहे. हार्वर्डच्या ॲन बेकर तिथल्या नाड्रोगा भागात काम करत होत्या. मूळ फिजियन समाजात भरदार अंगकाठी चांगली मानली जायची. एखाद्याचं वजन उतरलं की त्याच्या घरचे लोक त्याची नीट काळजी घेत नाहीत, असा अर्थ काढला जायचा. १९९५ साली त्या भागात दूरचित्रवाणी आली. बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली, सुमारे १७ वर्षांच्या मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं. वजन कमी करायला उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या. दुसऱ्या पाहणीत त्या ११.३ टक्के होत्या. तीन वर्षांत.

ब्रॅडफर्डमध्ये परंपरेचा दाब, फिजीत बाहेरून आलेल्या चित्रांचा. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘पाश्चात्त्य संस्कृतीचा दोष’ किंवा ‘मागासलेल्या घरांचा दोष’ अशी तयार उत्तरं गळून पडतात. प्रत्येक समाजात ताण कुठे आहे हे तिथेच जाऊन पाहावं लागतं.

एकादशीला ‘हो’ म्हटलं तर

पाहायचं कसं, हाही प्रश्नच आहे. आहारविकार शोधण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘ईएटी’ ही प्रश्नावली टोरांटोत तयार झाली. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी ती उत्तर भारतातल्या ५८० शाळकरी मुलींना भरायला दिली आणि निष्कर्ष १९८९ साली मांडले. २९ टक्के मुली धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्या! बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला. काही ठराविक प्रश्नांनाच साऱ्या जणी ‘हो’ म्हणत होत्या, कारण प्रश्नांचा अर्थ त्यांच्या घरात निराळा होता. पोट रिकामं ठेवायला आवडतं का, असं उपास करणाऱ्या मुलीला विचारलं तर ती काय सांगणार? अन्नाचे बारीक तुकडे करता का, हा प्रश्न सुरी-काट्याने खाणाऱ्यांसाठी आहे. पोळीचा तुकडा मोडून भाजीला लावणं हीच ज्यांची जेवणाची रीत आहे, त्यांना त्यात आजार कुठून दिसावा?

चूक दोन्हीकडून होते. एकीकडे निरोगी मुलींवर आजाराचा शिक्का बसतो. दुसरीकडे ‘जाड व्हायची भीती वाटते का?’ याला ‘नाही’ म्हणणारी खरी आजारी मुलगी घरी पाठवली जाते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. तिने ॲनोरेक्सियासाठी पाळी थांबण्याची अट काढून टाकली. जाडीची भीती बोलून दाखवली नाही तरी वजन वाढू न देणारं सततचं वागणं पुरेसं धरावं, अशीही सोय केली. हाँगकाँगच्या ४१ जणांना पुस्तकात जागा मिळायला वीस वर्षं लागली.

उंबऱ्याच्या आत

लेस्टरमध्ये संशोधकांनी पुढे तिथल्या दक्षिण आशियाई लोकांशी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलून पाहिलं : मदत मागायला लोक येत का नाहीत? पुढे आलेल्या गोष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. असा काही आजार असतो हेच ठाऊक नाही. ठाऊक असलं तरी लोक काय म्हणतील ही धास्ती. डॉक्टर आपल्याच समाजातले असतील तर बातमी फुटेल ही भीती.

यात लग्नाची काळजी मिसळते. मुलीची ‘मानसिक’ फाइल झाली हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, असं आईला वाटतं. त्याच आईला दुसरीकडून ऐकावं लागतं की मुलीला खायला घालत नाही वाटतं. आपल्याकडे अंगकाठीवर बोलायला कुणालाच संकोच वाटत नाही. ‘सुटलीस गं’, ‘वाळलीस गं’ ही भेटल्यावरची पहिली वाक्यं. बऱ्या होत आलेल्या मुलीला हळदीकुंकवात कुणी कौतुकाने ‘आता कशी छान भरलीस’ म्हटलं, तर महिनाभराची मेहनत त्या एका वाक्यात वाया जाऊ शकते.

दवाखान्यातला आणखी एक प्रसंग स्थलांतरित कुटुंबांत नेहमी घडतो. आईला इंग्रजी नीट येत नाही, म्हणून मुलगीच दुभाषी होते. डॉक्टर विचारतात, गेल्या आठवड्यात घरी किती जेवली? आई मातृभाषेत सांगते, ‘दोन घास खाल्ले की उठते.’ मुलगी इंग्रजीत सांगते, ‘आई म्हणते, आता बरं चाललंय.’ आजारच भाषांतर करत असतो. या आजारात रुग्णाची सगळी शक्ती लपवण्यात जाते. म्हणून बाहेरचा प्रशिक्षित दुभाषी मिळणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

आणखी एक घास

किशोरवयीन ॲनोरेक्सियासाठी आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाला बरोबर घेऊन केलेल्या उपचाराला. त्याची बांधणी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात झाली. त्याआधी आई-वडिलांना दोषी धरून मुलीपासून दूर ठेवण्याकडे कल होता. मॉडस्लीच्या पद्धतीने ते उलटवलं. दोष कुणाचाच नाही असं पहिल्याच भेटीत सांगायचं आणि मुलीला खाऊ घालण्याची सूत्रं काही काळ पालकांच्या हाती द्यायची. वजन सावरलं की हळूहळू निर्णय मुलीकडे परत. शेवटी तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७च्या मार्गदर्शिकेत साधारण वर्षभरात १८ ते २० भेटी असा त्याचा आराखडा दिला आहे. नुसत्या बीएमआयच्या आकड्यावरून उपचार द्यायचा की नाही हे ठरवू नका, असंही तिथे बजावलं आहे.

या पद्धतीत दुसऱ्या भेटीला कुटुंबाने जेवण घेऊन यायचं असतं. उपाशी मुलीसाठी जे योग्य वाटेल ते आणा, एवढीच सूचना. मग उपचारकासमोर सगळे जेवायला बसतात आणि पालकांनी तिला तिच्या मनात असेल त्यापेक्षा एक घास जास्त खायला लावायचा असतो. ओरडायचं नाही, गयावया करायची नाही, वाद घालायचा नाही. शेजारी बसून शांतपणे पुन्हा पुन्हा तेच सांगायचं.

त्या टेबलावर एखादं मराठी घर बसलंय असं डोळ्यांसमोर आणावं. डबा उघडला जातो : पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, वर तूप. मुलगी पोळी मोडते. तुकडे लहान होत जातात, कडेला सरकतात, तूप टिशूला पुसलं जातं. पोळी मोडण्याची रीत कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हे पोळी खाणाऱ्या माणसाला लगेच कळतं. टोस्ट आणि सीरियलवर वाढलेल्या उपचारकाला ते शिकावं लागतं. त्याने आहारतज्ज्ञाला विचारायला हवं की या घरातली पोळी केवढी, वाटी केवढी, तेल कुठे कुठे असतं. पॉरिजऐवजी उपमा, सँडविचऐवजी पराठा, पुडिंगऐवजी खीर असा तक्ता बसवणं अवघड नसतं. रुग्णाला घरापासून तोडणारा तक्ता हातात ठेवला, तर दवाखान्यात वाढलेलं वजन घरी आल्यावर टिकत नाही.

‘पालकांच्या हाती सूत्रं’ हेही सगळ्या घरांत सारखं नसतं. जिथे स्वयंपाकघर सासूच्या ताब्यात आहे, तिथे सुनेला ‘तुम्ही ठरवा’ असं सांगून काय उपयोग? आजी-आजोबांना भेटीला बोलवावं लागतं. आजीला हा आजार नीट समजला, तर तिच्याइतकी चिवट सोबत दुसरी नाही. समजला नाही, तर ‘जाऊ दे, नको म्हणतेय तर नको’ म्हणून तीच ताट उचलते.

फ्रिजमध्ये आणखी एक पेच असतो. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून घरात तूप कमी, भात कमी, साखर बंद असं वडिलांसाठी चाललेलं असतं. त्याच घरातल्या मुलीला तूप-भात औषध म्हणून खायचा असतो. एकाच टेबलावर दोन नियम. हे घरात उघडपणे बोलून घेतलं नाही, तर आजार वडिलांच्या पथ्याआड सुखाने लपतो.

आणि एक इशारा. फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कैदी पोटभर जेवल्यावर दगावल्याच्या नोंदी आहेत. अन्न येताच रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं आणि हृदयावर ताण येतो. त्यामुळे मायेपोटी शिरा-लाडूंचा मारा करण्याआधी डॉक्टरांकडून रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी करून घ्यावा.

उपास, रोजे आणि सण

धर्माचा उपास हा आजार नव्हे. पण आजाराला तो सोयीचा आडोसा आहे. चतुर्थी होती, ती वाढून सोमवारही आला, मग नवरात्राचे नऊ दिवस. घरचे म्हणतात, किती श्रद्धाळू पोर. उपासाच्या दिवशी इतर जण साबुदाण्याची खिचडी, रताळी, शेंगदाण्याचे लाडू खातात. ही मात्र लिंबूपाण्यावर राहते, आणि दुसऱ्या दिवशी पारणंही टाळते.

इथे सगळ्यात उपयोगी पडतात ती धर्मातलीच माणसं. इस्लाममध्ये आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. हिंदू रिवाजात आजाऱ्याने आणि म्हाताऱ्यांनी उपास सोडला तर दोष मानत नाहीत. पण हे डॉक्टरने सांगणं आणि मशिदीतल्या इमामांनी किंवा घरच्या गुरुजींनी सांगणं यात फार फरक पडतो. रमजानच्या आधी किंवा नवरात्राच्या आधीच कुटुंबाशी बसून काय करायचं ते ठरवलं, तर रुग्णाला अपराधी वाटत नाही. उपासाऐवजी दान, जप, वाचन असा मार्ग धरता येतो. देवाशी नातं तुटत नाही आणि जेवणही तुटत नाही.

दिवाळीचा फराळ, लग्नातली पंगत, ईदची दावत हे बऱ्या होणाऱ्या रुग्णासाठी परीक्षेचे दिवस असतात. कुठे बसायचं, काय वाढून घ्यायचं, आग्रह कोण थोपवणार हे आधी ठरवलेलं असलं की ते दिवस निभावतात.

बरं व्हायला लागणारा वेळ

या आजारातून माणसं बरी होतात, आणि हे ठासून सांगायला हवं. बोस्टनमध्ये ॲनोरेक्सिया आणि बुलिमियाच्या स्त्री-रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. निष्कर्ष २०१७ साली आले. नऊ वर्षांनी ॲनोरेक्सियाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी रुग्ण बऱ्या झाल्या होत्या. २२ वर्षांनी जवळपास ६३ टक्के बऱ्या झालेल्या होत्या. नवव्या वर्षी ज्यांच्याविषयी घरच्यांनी आशा सोडली असेल, त्यांतल्याही कितीतरी पुढे सावरल्या.

बरं होणं म्हणजे नुसता वजनकाट्याचा आकडा नव्हे. पाळी परत येते, हसू परत येतं, पुस्तकात लक्ष लागतं. मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाताना मनातल्या मनात हिशेब चालत नाही. कुणीतरी काही बोललं तरी दुसऱ्या दिवशी नाश्ता होतो. मध्ये घसरणही होते. तिला अपयश समजून घरच्यांनी हात टेकले, तर आजाराला तेच हवं असतं.

आपल्या घरापुरतं

भारतात आहारविकारांसाठी स्वतंत्र केंद्रं मोजकी आहेत, आणि पुष्कळ रुग्ण पोटाच्या, स्त्रीरोगाच्या किंवा फॅमिली डॉक्टरांच्याच दारात फिरत राहतात. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मुलांच्या मानसोपचार विभागाने २००७ साली नोंदवलं की त्यांच्याकडच्या आहारविकारांत सगळ्यात जास्त आढळते ती मानसिक ताणातून होणारी उलटी. म्हणजे इथेही तक्रार पोटाचीच. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणं विमा कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. हा हक्क मागून घ्यावा.

लक्षणं घरातच दिसतात. जेवणाच्या वेळा चुकवणं, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन नळ सोडणं, वजन उतरूनही ढगळ कपडे, सतत थंडी वाजणं, चक्कर, केस गळणं, पाळी चुकणं, खोलीत सापडणारी रिकामी पाकिटं, उपासांची अचानक वाढलेली संख्या. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पोटाच्या तपासण्यांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञाचीही भेट घ्यावी. बेशुद्ध पडणं, नाडी फार मंद होणं, पाणीही न घेणं असं झालं तर थेट रुग्णालय गाठावं.

आणि बोलताना वजनाबद्दल बोलू नका. ‘खात का नाहीस?’ याऐवजी ‘तू त्रासात दिसतेस, आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ’ इतकं सांगा आणि त्या दिवशी तिच्या शेजारी जेवायला बसा. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.